शंभर मीटरला अर्धा युनिट

पहिला दिवस : मनाली ते सिस्सू

निघताना माझ्या विजेच्या गाडीच्या पडद्यावर रेंज, म्हणजे बॅटरी पुरेल ते अंतर, दिसत होती १९० किलोमीटर. मनालीहून अटल बोगदा आणि कुंझुम खिंडीमार्गे स्पितीतलं काझाही साधारण तेवढंच. आकड्याला आकडा जुळत होता, पण मध्ये ४,५५१ मीटर उंचीची खिंड होती आणि ग्राम्फूपासून लोसरपर्यंत चार्जिंगचा भरवसा धरून चालण्यासारखं काही नव्हतं. बाबांनी तो आकडा पाहिला, पिशवीतून काळी इन्सुलेशन टेप काढली, नखाएवढा तुकडा तोडला आणि रेंजच्या आकड्यावर चिकटवून टाकला.

"हा मैदानावरचा आकडा आहे. वर गेल्यावर याच्याकडे बघून नुसतं घाबरायला होईल. टक्के दिसतायत ना, तेवढे पुरे."

बाबांचं सगळं आयुष्य विजेच्या खांबांवर गेलं. लाइनमन म्हणून निवृत्त झाले, पण हिशेबाची सवय गेली नाही. घरातलं कोणतंही यंत्र ते किती युनिट खातं यावरून ओळखतात. माझी गाडी त्यांना पहिल्या दिवसापासून आवडली ती याच कारणासाठी, कारण पेट्रोलच्या लिटरशी त्यांचं कधी जमलं नाही. गाडीची बॅटरी ३० युनिटची. चार वर्षं वापरल्यावर आता त्यातले २८ धरायचे. मैदानावर एका युनिटला सहा-सात किलोमीटर जाते. मी किलोमीटर मोजत होते, बाबा युनिट मोजत होते, आणि पुढच्या सहा दिवसांत बाबांचीच पद्धत खरी ठरली.

त्यांनी आदल्या रात्री वहीत मांडलेलं गणित असं होतं. गाडी, आम्ही दोघं आणि सामान मिळून १,६०० किलो. एवढं वजन १,००० मीटर वर उचलायला ४.३६ युनिट लागतात. हा पदार्थविज्ञानाचा आकडा आहे, गाडी कुठल्याही कंपनीची असो, यात सूट नाही. मोटर, गिअर आणि वायरींमधली गळती धरून पाच युनिट. म्हणजे शंभर मीटर चढाला अर्धा युनिट. खाली उतरताना मोटर उलटी चालून वीज परत भरते, तेव्हा शंभर मीटरला ०.३ युनिटच्या आसपास हाती लागतात. रस्ता किती वळणांचा, किती लांब, याचा हिशेब वेगळा. उंचीचा हिशेब हा एवढाच.

मनाली साधारण २,०५० मीटरवर, बोगद्याचं दक्षिणेचं तोंड ३,०६० वर. हजार मीटर चढ म्हणून पाच युनिट, आणि सिस्सूपर्यंतचं चाळीस किलोमीटर अंतर म्हणून आणखी साडेचार. बाबांनी लिहून ठेवलं : ३४ टक्के जातील. मी मान डोलावली, पण खरं सांगायचं तर माझा विश्वास बसला नव्हता. सोलंगच्या पुढे वळणांवर टक्के असे भराभर उतरायला लागले की माझे हात स्टिअरिंगवर घट्ट झाले. दर दोन-अडीच किलोमीटरला दोन टक्के. बाबा बाहेरचे देवदार बघत होते.

अटल बोगदा ९.०२ किलोमीटरचा. ३ ऑक्टोबर २०२० ला तो खुला झाला आणि रोहतांग चढून उतरण्याचा ४६ किलोमीटरचा फेरा वाचला. पण आमच्यासारख्यांना वाचलेल्या अंतरापेक्षा वाचलेली उंची मोलाची. रोहतांग ३,९७८ मीटर, म्हणजे बोगद्याच्या तोंडापासून आणखी नऊशे मीटर वर. साडेचार युनिट तिथेच खर्च झाले असते आणि पलीकडे उतरून त्यातले अर्धे-पाऊणच परत मिळाले असते. बोगद्यात शिरताना ढग आणि ओली झाडं होती, बाहेर पडलो तर कोरडं निळं आकाश आणि उघडे डोंगर. लाहौलमध्ये आलो होतो.

सिस्सूला गाडी थांबवली तेव्हा पडद्यावर ६५ होतं. बाबांनी वहीत ३४ च्या पुढे ३५ लिहिलं आणि काही बोलले नाहीत.

मुक्काम इथेच करायचं आधीच ठरलं होतं. एक म्हणजे पुढच्या चढाला बॅटरी काठोकाठ भरलेली हवी, आणि दुसरं म्हणजे बाबांचं वय ६७. एका दिवसात साडेचार हजार मीटरवर नेऊन त्यांच्या फुप्फुसांची परीक्षा मला घ्यायची नव्हती. खोलीबाहेर पंधरा अँपिअरचा पॉइंट होता, अर्थिंग चोख होतं, चार तासांत गाडी भरली. संध्याकाळ चंद्रा नदीपलीकडच्या धबधब्याकडे बघत गेली.

दुसरा दिवस : सिस्सू ते लोसर

चूक या दिवशी माझ्याकडून झाली, म्हणून ती आधी सांगते.

सप्टेंबरचा दुसरा आठवडा. सकाळी साडेसहाला बाहेर चार अंश होते. काचेवर आतून वाफ धरत होती, बाबा शाल गुंडाळून बसले होते. मी हीटर २६ अंशांवर लावला आणि विसरून गेले. पेट्रोल-डिझेलच्या गाडीत ही ऊब फुकट मिळते, कारण इंजिन नाहीतरी तापतच असतं. विजेच्या गाडीत तापायला काही नसतं, हीटर म्हणजे बॅटरीवर लावलेली शेगडी. सपाट महामार्गावर हे जाणवत नाही, कारण तासाभरात साठ-सत्तर किलोमीटर होतात आणि शेगडीचा दीड युनिट त्यांत वाटला जातो. इथे तासाला अठरा-वीस किलोमीटर होत होते.

कोकसर मागे पडलं. ग्राम्फूला रस्ता फुटतो, एक वर रोहतांगकडे, एक चंद्रेच्या काठाने काझाकडे. आपण काझाचा घेतला की डांबर संपतं. पुढे दगड, खडी, चिखल, आणि मधूनच डोंगरावरून थेट रस्त्यावर उतरलेला ओढा, ज्याला इथे सगळे नाला म्हणतात. छत्रूला पोचायला दोन तास लागले. बाबांनी वही उघडली. अपेक्षा ८२ ची होती, पडद्यावर ७१.

"कुठे गेले अकरा टक्के?"

मी रस्त्याला दोष दिला, चिखलाला दिला, टायरमधल्या हवेला दिला. बाबांनी हात पुढे केला आणि हवेच्या जाळीसमोर धरला. गरम हवा येत होती.

"दीड किलोवॉट. दोन तास. तीन युनिट." मग थोडं थांबून म्हणाले, "बातलपासून कुंझुमपर्यंत सबंध चढ किती आहे गं?"

सहाशे मीटर. तीन युनिट. म्हणजे खिंडीचा शेवटचा अख्खा चढ मी काच पुसण्यात आणि पाय शेकण्यात जाळला होता.

हीटर बंद केला. बाबांनी काचेची वाफ जाण्यासाठी दोन्ही बाजूच्या खिडक्या दोन बोटं खाली केल्या, अंगावर दुसरं स्वेटर चढवलं आणि मांडीवर घोंगडी घेतली. मला हे लागलं. त्यांनी रागावण्याऐवजी स्वतः थंडी घेतली याचं जास्त लागलं.

खराब रस्त्यावर विजेच्या गाडीचं गणित किलोमीटरवर चालत नाही हे त्या दिवशी मला नीट कळलं. संथ चालल्यावर वाऱ्याचा विरोध जवळजवळ नाहीसा होतो. त्यात चार हजार मीटरच्या वर हवाच समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशाहून कमी दाट. त्यामुळे असल्या रस्त्यावरसुद्धा, चढ वगळला तर, युनिटला नऊ किलोमीटर पडत होते, मैदानापेक्षा जास्त. पण चाकांऐवजी घड्याळाच्या काट्यावर जे चालतं, हीटर, दिवे, पंखा, ते सगळं महाग होतं. घाटात तास मोजायचे आणि मीटर मोजायचे.

छत्रूच्या पुढे, छोटा दडा गाठायच्या आधी, एका नाल्यात ट्रक रुतला होता. दोन्ही बाजूंना गाड्यांची रांग. ट्रकच्या मागच्या चाकांखाली लोक दगड भरत होते, पाणी ते दगड घेऊन जात होतं. हे हिमनदीचं पाणी. रात्री वर सगळं गोठतं म्हणून सकाळी ओढा लहान असतो, ऊन चढलं की वितळून पाणी वाढत जातं. साडेनऊला पोटऱ्यांपर्यंत असलेलं पाणी साडेअकराला गुडघ्याला लागलं. आजूबाजूच्या डिझेल गाड्या मधून मधून इंजिन सुरू करून आत ऊब घेत होत्या. आम्ही नुसते बसून होतो. त्या दोन तासांत एकच टक्का गेला.

रस्त्याच्या कामावरची जेसीबी आली आणि तिने ट्रक ओढून काढला. मग एकेक गाडी सोडू लागले. आमची पाळी यायच्या आधी मी पुढच्या तीन गाड्यांची चाकं कुठे बुडतात ते नीट पाहून घेतलं. पाण्याची मला भीती नव्हती. बॅटरी आणि मोटर पाणी शिरू नये अशा बंद केलेल्या असतात, आणि पाणी ओढून घ्यायला इंजिनच नाही. भीती दगडांची होती. या गाड्यांची बॅटरी म्हणजे गाडीचं पोट. एखादा टोकदार दगड खालून लागला तर सगळ्यात महाग वस्तूलाच लागणार.

पलीकडे एक माणूस हातवारे करून डावीकडे घे म्हणत होता. मी पाय अगदी हलका ठेवला. इथे विजेच्या गाडीचा गुण कळतो. क्लच नाही, गिअर बदलणं नाही, पहिल्या इंचापासून पूर्ण ताकद, माणसाच्या चालीपेक्षाही हळू चालवली तरी बंद पडायचा प्रश्न नाही. उजवं चाक एका दगडावर चढलं, गाडी कलली, पाणी दाराच्या खालच्या कडेला लागल्याचा आवाज आला. मग चाक उतरलं आणि पोटाखाली एकदाच ठक् वाजलं. माझा श्वास अडकला. पलीकडच्या काठावर जाऊन दोघंही उतरलो, मी गुडघ्यांवर बसून बॅटरीखालचं कवच बोटांनी चाचपलं. एक ओरखडा, बोटभर लांब, खाच नाही. बाबांनी तोही वहीत लिहिला.

बातलला अडीच वाजले. ४३ टक्के. पूल ओलांडला की रस्ता नदी सोडतो आणि डोंगराला भिडतो. बारा किलोमीटरमध्ये सहाशे मीटर चढ.

या बारा किलोमीटरबद्दल मी कितीही लिहू शकेन. वळणामागून वळण, आणि प्रत्येक वळणावर चंद्रा आणखी खाली गेलेली. समोर बडा शिग्री हिमनदीच्या बाजूची हिमशिखरं उघडी पडत जातात. पुढे एक जीप काळा धूर सोडत चढत होती. विरळ हवेत इंजिनाला ऑक्सिजन कमी पडतो, ताकद गळते. मोटरला श्वास घ्यायचा नसतो. बातलला जितकी ताकद होती तितकीच माथ्यावर. गाडी एकसारख्या बारीक गुणगुणाटात चढत राहिली, आणि त्या शांततेत बाबांचा श्वास मला ऐकू येत होता, नेहमीपेक्षा थोडा जलद. "बरं वाटतंय ना?" असं मी दर वळणाला विचारत होते आणि ते दर वळणाला टक्का सांगत होते. ४०. ३७. ३३. ३०. उंचीमापक ४,४०० दाखवत होता तेव्हा बाबा म्हणाले, "अजून दीडशे मीटर. पाऊण युनिट. तीन टक्के, वर रस्त्याचा एखाद-दुसरा." आम्ही कुंझुमच्या माथ्यावर पोचलो तेव्हा २५ होते.

माथ्यावर स्तूप आहेत, फडफडणाऱ्या पताका आहेत, कुंझुम मातेचं मंदिर आहे. येणारी प्रत्येक गाडी मंदिराला प्रदक्षिणा घालून पुढे जाते. आम्हीही घातली. वारा इतका होता की दार उघडताना दोन्ही हातांनी धरावं लागलं.

तिथे मी टेपचा कोपरा उचलून पाहिला. रेंज २६ किलोमीटर. काझा अजून ७६ किलोमीटर. हा आकडा खोटा नव्हता. गाडी शेवटच्या काही किलोमीटरांवरून पुढचा अंदाज बांधते. तिला मागचा चढ आठवत होता, पुढचा उतार तिला माहीत नव्हता. बाबांनी वही स्टिअरिंगला टेकवून मांडलं : २५ टक्के म्हणजे सात युनिट. ७६ किलोमीटरला साडेआठ. उतार साडेआठशे-नऊशे मीटर, परत मिळणार अडीच. निव्वळ सहा. उरेल एक.

"जाईल," मी म्हटलं.

"जाईल. पण रात्र होईल, दिवे लागतील, थंडी वाढेल, आणि आणखी एक नाला असला तर? आपण लोसरला थांबू. एका युनिटवर मी कधी कुणाला खांबावर चढवलं नाही."

उतार सुरू झाला. रीजनची, म्हणजे मोटर उलटी चालवून वीज परत भरण्याची, पातळी सगळ्यात वर ठेवली. ब्रेकला पाय लावायचीही गरज पडेना, पाय उचलला की मोटरच गाडीला धरून ठेवते. सुईने शून्य ओलांडून हिरव्या भागात मुक्काम ठोकला. चार किलोमीटरवर २५ चे २६ झाले. आठव्यावर २७. बाबांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. आयुष्यभर त्यांनी मीटर पुढेच जाताना पाहिला होता. मी त्यांच्याकडे पाहिलं तर ते हसत होते, एखाद्या लहान मुलासारखे, आवाज न करता.

लोसरला, स्पितीतल्या या बाजूच्या पहिल्या गावात, पोलीस चौकीवर नोंद करून घर शोधलं तेव्हा २६ होते.

लोसरची रात्र

एका घरात खोली मिळाली आणि मागच्या पडवीत पंधरा अँपिअरचा पॉइंटही. चार्जर लावला. लाल दिवा. काढून पुन्हा लावला. लाल दिवा. मला रडू यायचं बाकी होतं.

बाबांनी पिशवीतून टेस्ट लॅम्प काढला, म्हणजे होल्डरमधला साधा बल्ब आणि दोन वायरी. फेज आणि न्यूट्रलमध्ये धरला, पेटला, जरा पिवळट. फेज आणि अर्थमध्ये धरला, काहीच नाही. "भोकं तीन आहेत, पण तिसऱ्याच्या मागे काही जोडलेलंच नाही," ते म्हणाले. गाडीचे चार्जर अर्थिंग सापडलं नाही तर वीज घेतच नाहीत. ते बरोबरच आहे. धातूच्या एवढ्या मोठ्या खोक्यात वीज उतरली आणि तिला जमिनीत जायला वाट नसली तर ती हात लावणाऱ्या माणसातून जाईल.

घरमालकीण दीदींनी सांगितलं की पाणी तापवायच्या पिंपाला हात लागला की त्यांनाही झिणझिण्या येतात, थंडीमुळे असेल असं त्या समजत होत्या. हे ऐकल्यावर बाबांचा चेहरा बदलला. गाडीचं राहू दे, आधी हे, म्हणाले.

दीदींकडे एक जुनी लोखंडी पहार होती. घरामागे शेताला पाणी नेणारा पाट वाहतो, त्याच्या काठची माती कायम ओली. बाबांनी जागा दाखवली, दीदींच्या मुलाने घणाने पहार ठोकली. अर्धी गेली आणि दगड लागला. दोन हात सरकून पुन्हा. या वेळी हातभर वर राहीपर्यंत आत गेली. बाबांनी पहारीचं डोकं दगडाने घासून गंज काढला, आतलं लोखंड चकाकेपर्यंत. मग तांब्याची उघडी तार सात वेढे घालून पक्कडीने पिळली. बुंध्याशी खळगा करून मिठाचं पाणी ओतलं. घराचा मेन स्विच बंद करवून तारेचं दुसरं टोक सॉकेटच्या तिसऱ्या पिनेला जोडलं. टॉर्चच्या उजेडात त्यांची बोटं मी जवळून पाहत होते. थंडीने वाकडी झालेली, तरी स्क्रू एकदाही हातून निसटला नाही.

मेन चालू केला. टेस्ट लॅम्प फेज आणि अर्थमध्ये धरला. पेटला.

"हे कायमचं नव्हे," त्यांनी दीदींना बजावलं. "खरं अर्थिंग खोल खड्ड्यात, तांब्याच्या पट्टीचं हवं. वायरमनकडून करून घ्या. तोवर याला रोज पाणी घालत जा."

चार्जर लावला. हिरवा दिवा लुकलुकू लागला.

व्होल्टेज १९० होतं. चार्जर १५ अँपिअर ओढू शकत होता, बाबांनी ८ वर आणला. घरातल्या वायरिंगचं वय माहीत नाही, म्हणाले, आणि दर अर्ध्या तासाने उठून प्लगला हाताच्या पाठीने स्पर्श करून पाहत राहिले. कोमट आहे तोवर ठीक. मध्यरात्रीनंतर वीज गेली, पहाटे चारला आली. सकाळी साडेसातला ७० टक्के.

तिसरा दिवस : लोसर ते काझा

दीदी विजेचे पैसे घ्यायला तयार नव्हत्या. बाबांनी युनिट मोजून, घेताना वाया गेलेले धरून, रक्कम त्यांच्या हातावर ठेवली. मीटरवर जे उमटलं ते कुणाच्या तरी बिलात जातं, त्यात पाहुणचार नसतो, असं त्यांचं ठाम मत.

५८ किलोमीटर, बहुतेक रस्ता स्पिती नदीच्या सोबतीने, चढ-उतार किरकोळ. सकाळी पहिले तासभर रीजन कमी मिळालं. बॅटरी थंड असली की ती झपाट्याने वीज घ्यायला नकार देते, म्हणून उतारावर ब्रेक वापरावा लागला. बाकी सांगण्यासारखं काही घडलं नाही, आणि तसं न घडणं फार सुखाचं होतं. काझाला ५० टक्क्यांनी पोचलो. काल रात्रीच यायचा हट्ट धरला असता तर जेमतेम तीन-चार टक्क्यांवर आले असते.

काझात २०२१ मध्ये विजेच्या गाड्यांसाठी चार्जिंग स्टेशन उभं राहिलं, तेव्हा जगातलं सर्वांत उंचावरचं म्हणून त्याची बातमी झाली होती. ती बातमी वाचूनच या प्रवासाचं बीज माझ्या डोक्यात पडलं. आम्ही मुक्कामाच्या जागीच रात्रभर गाडी लावली, पण बाबांना ती जागा मी मुद्दाम दाखवली.

चौथा दिवस : काझा

विश्रांती. बाबांचं डोकं दुखत होतं, दुपारपर्यंत थांबलं. बॅटरी १००.

पाचवा दिवस : काझा ते सिस्सू

या वेळी पाच वाजता निघालो, नाले लहान असताना पार व्हावे म्हणून. हीटर नाही. गरम पाण्याच्या दोन रबरी पिशव्या, घोंगडी, आणि काच पुसायला जुना पंचा.

लोसरला दहा मिनिटं थांबलो. दीदी पाटावर होत्या. पहारीच्या बुंध्याशी माती ओली होती. पिंपाला आता झिणझिण्या येत नाहीत, आणि शेजारच्या दोन घरांनीही तसलीच पहार मागितली आहे, असं त्यांनी सांगितलं. बाबांनी त्या दोन्ही घरांचे सॉकेट तपासल्याशिवाय पाऊल हलवलं नाही, दहा मिनिटांची पन्नास झाली. मी घड्याळाकडे पाहत होते, नाल्याचं पाणी डोळ्यांसमोर येत होतं, पण त्यांना हाक मारली नाही.

काझापासून कुंझुमपर्यंत वहीतला अंदाज ४८ टक्क्यांचा, प्रत्यक्षात ४८. माथ्यावर ५२. बातलला उतरेपर्यंत ५४. छोटा दड्याच्या अलीकडच्या नाल्यात पाणी घोट्याच्या थोडं वर, त्या दिवशीचे दगड दिसत होते, मी त्यांच्यामधून गाडी काढली. पोटाला काही लागलं नाही.

सिस्सूला ३४ टक्के. तीन दिवसांपूर्वी याच रस्त्याने चढताना सिस्सूपासून नुसता माथा गाठायला ७५ टक्के लागले होते, आज काझापासून अख्ख्या रस्त्याला ६६.

सहावा दिवस : सिस्सू ते मनाली

रात्री मी चार्जर लावायला निघाले तर बाबांनी अडवलं. "उद्या सगळा उतार आहे. भरल्या भांड्यात काय ओतणार?" बॅटरी काठोकाठ असली की उतारावरची वीज घ्यायला जागाच उरत नाही, रीजन बंद पडतं आणि सगळा भार ब्रेकवर येतो. माझ्या ध्यानात नव्हतं. चार्जर पुन्हा डिकीत ठेवला.

बोगद्यापलीकडे पाऊस होता. देवदारांतून धुकं खाली उतरत होतं आणि त्याच्यासोबत आम्हीही, ब्रेकला पाय न लावता. बोगद्याच्या तोंडाशी २६ होते, मनालीच्या पुलाशी २८.

बाबांनी शेवटचा आकडा लिहिला, रेंजवरची काळी टेप नखाने अलगद उचलली आणि टेस्ट लॅम्पची एक वायर जिथे सोलवटली होती तिथे गुंडाळून टाकली.